उणे बावीस

सोहारच्या बंदराजवळ, तिसऱ्या शीतगोदामात,
सुरमईच्या खोक्यांमागे
त्यांनी माझ्यासाठी डोंगर उभा केला.
थर्माकोल, जाडं मीठ,
पंख्यासमोर धरलेला साबणाचा फेस.
बाहेर सत्तेचाळीस, आत उणे बावीस.
थंडी तेवढी खरी.

दिग्दर्शिका झुवैना म्हणाली, फक्त बसा,
त्या रात्री बसला होतात तसे.
मी म्हटलं, बसलो नव्हतो, टेकलो होतो.
भोईटेच्या पाठीला पाठ.
मग पाठीसाठी त्यांनी शफिकुलला आणलं,
आमचा फोर्कलिफ्टवाला, नोआखालीचा.
चढ म्हणजे त्याला बोटीची फळी माहीत.
इथून दिसणारे हजरचे डोंगरही
त्याला वाटतात कुणीतरी घातलेलं कुंपण.
त्याची पाठ गरम होती.
पहिल्याच टेकला मला रडू आलं, ते त्यामुळे.
पडद्यावर ते भोईटेसाठी वाटतं.

पडद्यावर सगळं ओळीने लागतं:
कडा सुटतो, तंबू जातो, दोर जातो,
मग संगीत.
माझ्याकडे असं ओळीने काही नाही.
स्टोव्हची पिन सापडत नव्हती, हे आहे.
कुणाच्या तरी पायमोज्याचा वास आहे.
भोईटे फलटणच्या एका भेळवाल्याबद्दल बोलत होता,
कांदा वेगळ्या पुडीत बांधून देतो म्हणून,
त्याचं नाव,
आणि मध्येच थांबला.
मला वाटलं, आठवतोय.
बराच वेळ मला तसंच वाटत होतं.

आणि हातमोजा.
निवेदकाचा आवाज भरदार आहे.
तो सांगतो, त्याने आपला हातमोजा मित्राला दिला.
मी झुवैनाला म्हटलं, थांबा.
आमच्यात दिला म्हणतात.
घेतला असंही म्हणतात.
काढला म्हटलं तर हात कुणाचा, ते कळत नाही.
आई शेजारणींना सांगते, मिळाला;
जसा ओंजळीत अंगारा मिळतो.
दहा वर्षं मी या चौघांबरोबर राहतोय,
चार खाटांच्या खोलीत राहावं तसा,
ज्याची पाळी असेल तो जागा.
ती ऐकत होती. मग घड्याळ बघून म्हणाली,
खाली एकच ओळ मावते.

माझी दहाही बोटं शाबूत आहेत.
कोळंबीचा खोका नुसता उचलून
मी वजन सांगतो,
काटा फार तर शंभर ग्रॅमने चुकवतो मला.

क्लबच्या हॉलमध्ये दाखवला सिनेमा.
एसी एवढा, की बायकांनी ओढण्या डोक्यावरून घेतल्या.
लोक येऊन हात हातात घेत होते,
जरा जास्तच वेळ,
आणि मग बघत होते, हाताकडे.

शुक्रवारी भोईटेच्या बहिणीचा फोन आला, रजनीताईंचा.
भाच्याने लॅपटॉपवर लावून दिला होता.
थंडी, बर्फ, मीठ, काही विचारलं नाही.
म्हणाल्या, डावा की उजवा?
डावा.
डावखुरा होता रे तो.
एवढंच.
मागे कुकरची शिट्टी झाली, दुसरी झाली.
मी वाट पाहिली.
मला वाटलं, बोलतील.

मोजा अजून आहे.
आतल्या दाराच्या वर, खिळ्याला,
नोंदवहीच्या बाजूला.
अंगठ्याची शिवण उसवलेली.
इतक्या वर्षांत कुणी हात लावला नाही,
मीही नाही.
काल रात्रपाळीला मसिरावरून गाडी आली,
दोन टन, आणि एकच माणूस उतरवायला.
शफिकुलचा मोजा फाटला होता.
त्याने वर पाहिलं,
टाचा उंचावल्या,
खिळ्यावरचा काढून हातात चढवला
आणि लागला कामाला.
त्याने विचारलं नाही.
मी दारातच उभा होतो.